झील धरणाऱ्या वहिनी



या सदरात मी सहसा व्याज, वारसनोंद, मुदतठेव अशा कोरड्या विषयांवर लिहीत असतो. गेल्या अंकातील व्यवहार थांबलेल्या खात्यांवरील लेखाला बरीच पत्रे आली. दोन वर्षे देवघेव झाली नाही की खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, हे वाचून काही जणांनी आजोबांची पासबुके धुंडाळली, असे कळले. त्यांच्या शंकांची उत्तरे पुढील अंकी. या वेळी विषय निराळा आहे.

आमच्या इतवारीतील भजनी मंडळाच्या एक जुन्या सदस्या यंदा क्षमावणीनंतर नागपूर सोडून पुण्याला मुलाकडे कायमच्या राहावयास गेल्या. मंडळात त्यांना लहानथोर सगळेच 'वहिनी' म्हणतात. 'माझं नाव छापू नका' असे त्यांनी बजावले आहे, म्हणून येथेही त्या वहिनीच. सचिव या नात्याने 'समाजवार्ता'च्या पानावर चार ओळी दिल्या असत्या तर माझे काम भागले असते. पण या निरोपाच्या आधी माझ्या हातून अशी एक गोष्ट घडली की, ती झाकून त्या चार ओळी लिहिणे म्हणजे ताळेबंदात देणे लपवून नुसते येणे दाखवण्यासारखे झाले असते.

वहिनींनी ४६ वर्षांत मंडळात एकदाही एकटीने स्तवन म्हटले नाही. हे वाचून काहींना वाटेल की, मग त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे ते काय? शाहिराचा पोवाडा ऐकलेल्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. शाहीर पुढे उभा राहून कथा सांगतो, डफावर थाप देतो, टाळ्या घेतो. त्याच्या मागे दोघे-तिघे उभे असतात, ते शाहिराने ओळ सोडली की ती उचलतात आणि त्याला दम घ्यायला उसंत देतात. त्यांना झीलकरी म्हणतात. पडदा पडल्यावर झीलकऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. परंतु तो नसेल तर शाहीर तिसऱ्या चौकात धापा टाकू लागतो. आमच्या पूजेतही तेच आहे. अष्टक एक जण म्हणतो, पण अर्घ्य चढवताना शेवटचे 'स्वाहा' सगळ्या सभामंडपातून उठते, तेव्हाच पूजा झाल्यासारखी वाटते. वहिनी जन्मभर त्या 'स्वाहा'च्या बाजूला राहिल्या.

मंडळ दर गुरुवारी दुपारी तीन वाजता बसते. ही वेळ घरच्या सोयीने ठरली आहे. दुकानातल्यांची जेवणे आटोपून भांडी झालेली असतात, आणि पाचला उठले की सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची तयारी होते. एके काळी या दोन तासांत सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसे. धान्य ओळीतल्या, किराणा ओळीतल्या, गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या घरच्या साऱ्या सुना-सासवा चालत येत. मग एकेक कुटुंब वर्धमाननगर, लकडगंज असे पूर्वेकडे सरकत गेले. खाली दुकान, वर घर ही इतवारीची जुनी रीत मोडली. दुकान येथे आणि घर तेथे झाले. तरीही वहिनी जुन्याच वाड्यात राहिल्या आणि दर गुरुवारी पावणेतीनला येऊन सतरंजी अंथरत राहिल्या. मारबतीच्या दिवशी या भागातून वाट काढणे म्हणजे काय असते, हे नागपूरकरांना सांगायला नको. त्या दिवशी गुरुवार आला तरी वहिनी हजर. हजेरीवही माझ्याकडे असते, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

आता त्यांच्या गाण्याविषयी. मला सुरातले कळत नाही. मी मंडळाचा हिशेब ठेवतो आणि सतरंजीच्या काठावर बसतो. पण भक्तामर स्तोत्राचे गणित मी एकदा मांडले होते. आपल्या दिगंबर परंपरेत मानतुंगाचार्यांचे हे स्तोत्र ४८ श्लोकांचे, श्वेतांबर परंपरेत ४४ श्लोकांचे. वृत्त वसंततिलका, म्हणजे चरणाला १४ अक्षरे, श्लोकाला ५६. ४८ श्लोकांची अक्षरे झाली २६८८. एवढी अक्षरे समूहाने एका लयीत म्हणायची तर खरा प्रश्न श्वासाचा येतो. चरण संपला की सगळ्याच श्वास घेतात, आणि तेथे आवाजात खड्डा पडतो. ४८ श्लोकांत असे १९२ खड्डे. एकट्याच्या पठणात ते जाणवत नाहीत, समूहात मात्र गाडी रुळांच्या सांध्यांवरून गेल्यासारखी खडखडते.

वहिनी चरणाच्या शेवटी श्वास घेत नसत. सगळ्यांचा आवाज भरात असताना, मधल्याच एखाद्या अक्षरावर त्या हळूच थांबत, श्वास घेत आणि परत मिसळत. इतरांचा श्वास संपे तेव्हा त्यांचा आवाज चालू असे आणि पुढचा चरण त्याच धाग्यावर सुरू होई. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. 'सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून पहाटे पुटपुटत पाठ करायची, तेव्हाची सवय', एवढेच त्या सांगत. मंडळातील बहुतेक जणींना आपल्यात असे काही चालते याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

आता माझी चूक.

यंदाच्या महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास शहरातील मंडळांची एक स्पर्धा होती. वेळ सात मिनिटे, गाणाऱ्या जास्तीत जास्त बारा. मंडळातल्या तरुण सुनांनी उत्साहाने तयारी मांडली. पेटी-ढोलकीऐवजी तयार ट्रॅक, सगळ्यांच्या एकसारख्या साड्या, हातात बिनतारी माईक. ट्रॅकची पट्टी उंच होती आणि लय घाईची. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हा वाद नको म्हणून मी बँकेत करत असे तेच केले. नियम काढला. मंडळाच्या व्हॉट्सअॅप समूहावर लिहिले की, सत्तरीपुढील सदस्यांनी या वेळी विश्रांती घ्यावी व प्रेक्षकांत बसून आशीर्वाद द्यावेत. सत्तरीपुढच्या पाच जणी होत्या. चौघींनी फोन करून मला फैलावर घेतले आणि स्पर्धेला येऊन पहिल्या रांगेत बसल्या. वहिनींनी हात जोडल्याचे एक चिन्ह पाठवले, खाली 'जय जिनेंद्र'. त्यानंतरच्या गुरुवारी सतरंजी कोणी अंथरलेली नव्हती.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. ट्रॅक उत्तम वाजला.

पुढे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ गेला. नागपूरचा उन्हाळा ओसरला. वहिनींच्या नावापुढे गुरुवारमागून गुरुवार रिकामे राहू लागले. 'गुडघे दुखतात' असे शेजारणीकडून कळे, आणि मला ते सोयीचे वाटे. आषाढात एकदा भक्तामराचा पाठ सुरू असताना पेटी वाजवणाऱ्या ताईंनी मध्येच हात थांबवला आणि म्हणाल्या, 'दर ओळीला भोक पडून राहिलं. आधी असं होत नव्हतं.' सगळ्यांनी पुन्हा म्हणून पाहिले. भोक होतेच. कोण नाही म्हणून ते पडते, हे कोणीतरी बोलले, आणि मग कोणी काहीच बोलले नाही. मी हजेरीवही मिटून ठेवली.

बँकेत निरोप सोपा असतो. वयाची साठ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही निवृत्त होता. ती तारीख नोकरीला लागता त्याच दिवशी ठरलेली असते. माझ्या निरोपाच्या भाषणात चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या वरिष्ठांनी माझ्या दोन शाखांची नावे चुकवली, शाल माझ्या आधी दुसऱ्याच्याच खांद्यावर घातली गेली. तरी मला राग आला नाही. कारण 'आता तुम्ही जा' हे कोणा माणसाला मला सांगावे लागले नव्हते. ते काम नियमाने केले होते. भजनी मंडळाला असा नियम नाही. त्यामुळे तेथून माणूस दोनच मार्गांनी जातो. एक म्हणजे मृत्यू, त्याची शोकसभा होते. दुसरा म्हणजे हळूहळू न येणे, त्याची कोणी नोंदही घेत नाही.

आपल्या परंपरेत याचा विचार झालेला नाही असे मात्र नाही, आणि हे मला या वयात कळावे याची लाज वाटते. पर्युषणात स्वाध्यायाला बसलो असताना शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या ग्रंथाचा विषय निघाला. समाधिमरणाची इच्छा धरणाऱ्या आचार्याने आपला गण कसा सोडावा, याची त्यात रीतसर पायरी सांगितली आहे. आधी तो आपल्या जागी योग्य शिष्याची स्थापना करतो. मग साऱ्या गणाची क्षमा मागतो; इतकी वर्षे रागावलो असेन, टोचून बोललो असेन, ते सोडून द्या म्हणतो. मग नव्या आचार्याला आणि गणाला उपदेश करतो. आणि त्यानंतर, हे मला विशेष वाटले, तो आपल्या गणात राहतच नाही; दुसऱ्या गणात जातो. याला परगणचर्या असे नाव आहे. आपल्या माणसांत राहिले तर ममता सुटत नाही, जुना अधिकार डोके वर काढतो, कोणी अवज्ञा केली तर मन कलुषित होते. म्हणून परक्यांत जायचे. इतक्या बारकाईने निरोपाचा विचार करणाऱ्यांचे आपण वारस, आणि मी तो एका संदेशात उरकला!

हे केवळ पोथीत नाही. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्य विद्यासागरजी महाराजांची डोंगरगडच्या चंद्रगिरी तीर्थावर समाधी झाली. नागपूरहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावरचे हे ठिकाण. आपल्यापैकी कितीतरी जण बातमी कळताच मिळेल त्या वाहनाने निघाले होते. रामटेकला महाराजांचे चातुर्मास झाले असल्याने नागपूरकरांना ते घरचेच वाटत. त्या गर्दीत आपण सगळे एका गोष्टीविषयी बोलत होतो. महाराजांनी देह ठेवण्याच्या काही दिवस आधीच आचार्यपद सोडले होते आणि मग उपवास व मौन स्वीकारले होते. पद आधी उतरवले, देह नंतर. वहिनी मुनी नव्हेत आणि पुणे म्हणजे काही समाधिस्थान नव्हे, हे मला कळते. तरी रीत ती रीत.

क्षमावणीच्या दिवशी, भाद्रपद वद्य प्रतिपदेला, सकाळी मंदिरात सगळ्यांना हात जोडून झाले. 'उत्तम क्षमा' म्हणणे आता सोपे झाले आहे. एकच तयार चित्र तीनशे जणांना पाठवले की वर्षाचा हिशेब चुकता. तसे चित्र वहिनींना मीही सकाळी सहालाच पाठवून मोकळा झालो होतो. दुपारी मात्र राहवले नाही. त्यांच्या वाड्याचा जिना चढून गेलो.

घरात बांधाबांध चालली होती. वाडा बिल्डरला दिला होता, हे मला तेव्हा कळले. वहिनींनी पाणी आणून दिले. मी बरेच घोटून ठेवलेले बोलणे सुरू केले, तर म्हणाल्या, 'बसा न भाऊजी आधी.' मग स्वतःच बोलल्या.

'आवाज तर माझा तीन वर्षांपासून गेला. वरच्या पट्टीत मी नुसती ओठ हलवून राहिली होती. तुम्हाला कळलं होतं का?'

मी म्हणालो, नाही.

'कळणार कसं? मागे बसणाऱ्या बाईचं कोणाला कळते! मला माहीत होतं की आता थांबावं लागते. फक्त कोणीतरी विचारावं, असं वाटे. तुम्ही त्या दिवशी हा जिना चढून आले असते, तर मीच म्हटलं असतं, मला नका घेऊ. पण तुम्ही सगळ्यांना एकच कागद पाठवला. माझ्या सासऱ्यांनी दुकानातला नोकर काढला तरी घरी बोलावून, जेवू घालून सांगितलं होतं.'

यावर मला उत्तर नव्हते. मी क्षमा मागितली. त्यांनीही मागितली; 'सहा महिने मनात धरून बसली, तेही पापच', असे म्हणाल्या. मग मी विचारले की, मंडळातर्फे एक सत्कार करू का? शाल, श्रीफळ, मानपत्र? त्या हसल्या. 'शाली कपाटात पुष्कळ आहेत. एक गुरुवार द्या. माझ्या जागेवर बसून एक पाठ म्हणते आणि जाते. भाषण कोणाचं नको. तुमचं तर नकोच.'

त्या गुरुवारी इतकी गर्दी झाली की, सतरंजीखेरीज दोन चादरी घालाव्या लागल्या. वर्धमाननगरहून सुना आल्या. स्पर्धेतल्या बाराही जणी आल्या. पेटीवाल्या ताईंनी कोणाला न विचारता काळी चारची पट्टी सोडून काळी तीन धरली, म्हणजे पूर्ण एका स्वराने खाली. ट्रॅक नव्हता. खांबाशेजारची वहिनींची जागा मोकळी ठेवलेली होती. त्या येऊन बसल्या, पदर सावरला आणि भक्तामर सुरू झाले.

पहिल्या दहा-बारा श्लोकांत दर चरणाला भोक पडत नव्हते. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो. विसाव्याच्या पुढे कुठेतरी माझे लक्ष गेले तर वहिनी गात नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या. आणि तरीही चरणांचे सांधे जुळलेलेच होते. त्यांच्या मागे बसलेली एक तिशीची सून चरणाच्या अधेमधे श्वास घेत होती. वर्ष-दोन वर्षे ती त्यांच्याच मागे बसत आली होती, त्यामुळे कोणी न सांगता ते तिच्या अंगी आले असावे. किंवा मधल्या गुरुवारांत तिनेच प्रयत्नाने साधले असावे. मी विचारले नाही. या मुलीने ट्रॅकचा आग्रह सर्वांत जास्त धरला होता, हे येथे नोंदवून ठेवतो.

पाठानंतर वहिनींनी बारह भावनांचे पद म्हणायला सांगितले. भूधरदासजींचे, आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेले. त्यात एकत्वभावना येते. जीव एकटाच येतो आणि एकटाच जातो, कोणी सोबतीला नाही. ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या चाळीस-पन्नास जणांनी मिळून, एका सुरात म्हणत आलो आहोत, याची गंमत मला त्या दिवशी प्रथमच वाटली.

पद संपले. भाषण नको असे ठरलेले, त्यामुळे पुढे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नव्हते. सगळ्या तशाच बसून राहिल्या. ढोलकीवर ठेवलेला हातही हलला नाही. मला त्या शांततेत मोझरी आठवली.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी बदली अमरावती जिल्ह्यात झाली होती. तेव्हा आश्विन वद्य पंचमीला सहकाऱ्यांबरोबर मी गुरुकुंज मोझरीला गेलो होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी, ज्यांचे नाव आज आपल्या नागपूर विद्यापीठाला आहे, हातात खंजेरी घेऊन विदर्भातल्या गावोगावी भजनी मंडळे उभी केली. सामुदायिक प्रार्थना ही तर त्यांची खास शिकवण. एकट्याने देवाला आळवण्यापेक्षा गावाने एकत्र बसून म्हणावे, हा त्यांचा आग्रह. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांचे महानिर्वाण झाले. दर वर्षी पुण्यतिथीला हजारो गुरुदेवभक्त मोझरीत जमतात आणि बरोबर त्या मिनिटाला मौन पाळतात. दिवसभर खंजेऱ्या, टाळ, भजने यांनी दुमदुमलेले ते मैदान एका क्षणात गप्प होते. मी बँकवाला, घड्याळाकडे पाहत उभा होतो. पण खरे सांगतो, घड्याळ पाहायची गरज नव्हती. गाणाऱ्या एवढ्या माणसांचे एकदम थांबणे अंगावर येते. ज्याने गायला शिकवले त्याला निरोप द्यायला त्यांना न गाण्यापेक्षा मोठे काही सुचले नाही.

आमची शांतता एवढी मोठी नव्हती. खाली सराफा ओळीकडे जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. दोन-तीन मिनिटांनी वहिनीच म्हणाल्या, 'चला, पाच वाजले. स्वैपाक व्हायचा असेल.'

जाताना त्यांनी एक वही मंडळाला दिली. वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली जुनी खातेवही. सासऱ्यांच्या धान्याच्या दुकानातील अर्धी भरलेली वही, उरलेल्या पानांवर वहिनींनी गाणी उतरलेली. एका पानावर गहू, तूर, कोणाकोणाची उधारी; ते उलटले की जमेच्या रकान्यात स्तवन सुरू. शब्दांच्या मधून मधून तांबड्या पेन्सिलीने उभ्या रेघा आहेत. त्या श्वासाच्या जागा. आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात, ही चाल कोणी सांगितली, ते लिहिले आहे. कारंज्याच्या आत्या, कामठीच्या मामी, लाडपुऱ्यातल्या आजी. काही नावांपुढे तिथी आहे. ती काय, हे विचारावे लागले नाही.

त्या वहीत हिंदी पदांबरोबर जुन्या मराठी आरत्याही आहेत. आपली पूजा हिंदी झाल्यापासून त्या मागे पडल्या. मराठी जैन साहित्याचा हा ठेवा जुना आहे; पंधराव्या शतकातील गुणदासांपासून त्याची परंपरा सांगतात. आपल्या भागात यावर मोठी माणसे राबली. डॉ. हीरालाल जैन यांनी कारंज्याच्या शास्त्रभांडारातील अपभ्रंश पोथ्या जगापुढे आणल्या आणि अमरावतीस असताना, १९३९पासून, धवला टीकेसह षट्खंडागमाचे प्रकाशन सुरू केले. डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचा 'भट्टारक संप्रदाय' १९५८ साली सोलापूरच्या जीवराज ग्रंथमालेत निघाला. या विद्वानांमुळे शब्द वाचले. पण चाल कोणत्या भांडारात ठेवणार? ती गळ्यातून गळ्यात जाते आणि एक गळा थांबला की तेवढी वजा होते. वहीतल्या तीन आरत्यांच्या चाली आज मंडळात कोणालाच येत नाहीत. त्या पुण्याला गेल्या. वहिनींच्या मुलाने फोनवर त्या ध्वनिमुद्रित करून पाठवायचे कबूल केले आहे. तोवर मी दर आठवड्याला आठवण करतो, वसुली अधिकाऱ्याच्या चिकाटीने.

जाता जाता वहिनींच्या आवडत्या माणसाविषयी एक आठवण. रवींद्र जैन हे त्यांचे दैवत. अलीगढचा हा जन्मांध मुलगा लहानपणी मंदिरात भजने म्हणत म्हणत मोठा झाला, पुढे 'चितचोर'पासून दूरदर्शनच्या 'रामायण'पर्यंत घराघरांत पोचला. आणि तरी समाजाच्या कार्यक्रमांना येऊन जिनभक्तीची पदे गात राहिला. ऑक्टोबर २०१५मध्ये ते कार्यक्रमासाठी नागपुरात आले असताना त्यांची प्रकृती बिघडली. येथून त्यांना मुंबईला नेण्यात आले आणि ९ ऑक्टोबरला ते गेले. तेव्हा वहिनी म्हणाल्याचे मला आठवते, 'आपल्या गावात आले आणि गायचं राहूनच गेलं.' 'रामायण'मधील त्यांच्या आवाजामागे जो समूह गातो, त्यातील एकेक आवाज वेगळा काढून ऐकायची वहिनींना सवय होती. 'ती तिसरी बाई फार चांगली आहे', असे त्या सांगत. आम्हाला समूहच ऐकू येई.

गेल्या गुरुवारी हजेरीवहीत मी एक नवा रकाना आखला आहे. सदस्याचे वय पंच्याहत्तर झाले की सचिवाने घरी जाऊन भेटायचे, फोनवर नाही. काय बोलायचे ते लिहिलेले नाही. कार्यकारिणीने एकमताने मंजूर केले. एका सदस्याने एवढेच विचारले की, सचिव पंच्याहत्तरीचा झाला तर कोणी जायचे? तो मुद्दा पुढील सभेवर ठेवला आहे.

परवा वहिनींचा पुण्याहून फोन आला. मुलाच्या घराजवळ मंदिर आहे, मंगळवारी बायकांचे मंडळ बसते. जाऊ लागल्या आहेत.

'कसं आहे मंडळ?' मी विचारले.

'चांगलं आहे. पण फार वरच्या पट्टीत गातात बाप्पा. मी मागे बसून ऐकते. नवी आहे न अजून.'